माठ, मासे आणि मे महिना

नमस्कार श्रोतेहो. घरात माशांची टाकी असेल तर ऐकता ऐकता काचेला हात लावून बघा. कोमट लागली? मग आजचं बोलणं तुमच्यासाठीच आहे.

आमचं बालपण नागपूरचं. मे महिना, पारा ४४ वर आणि भर दुपारी लाइट गेलेली. टाकीत तीन गोल्डफिश. तिघंही वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. मला वाटलं, बिचाऱ्यांना तहान लागली! फ्रिजमधला बर्फाचा ट्रे आणला आणि अख्खा पाण्यात उपडा केला. बर्फ तडतडला, मला कोण आनंद! पाच मिनिटांत सगळ्यात मोठा मासा कुशीवर आडवा. मी असं भोकाड पसरलं की आजी पन्ह्याचा पेला हातात घेऊनच धावत आली. "काय करून ठेवलं रे पोट्ट्या!" तिनं चहाच्या गाळणीनं उरलेला बर्फ उपसला. संध्याकाळचा चहाही त्याच गाळणीतून गाळला, पण ते जाऊ द्या. मग टाकीचं झाकण उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "माठ पाझरतो म्हणून गार राहते. तुझी काच कुठून पाझरन? वरून तं वारा लागू दे!" पदर खोचून हातपंख्यानं पाण्यावर वारा घालत बसली, थेट लाइट येईपर्यंत. मग टेबलफॅन लावला. रात्री मासा सरळ झाला. पुढं कित्येक दिवस मी टाकीजवळ गेलो की तो मागच्या कोपऱ्यात जायचा.

आजीचं बरोबर होतं. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. पंख्यानं दोन-तीन अंश उतरतात. आणि मासे वर येतात ते तहानेनं नव्हे, प्राणवायूसाठी. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागं जेमतेम ८ मिलिग्रॅम मुरतो, ३५ ला तो ७ वर येतो. म्हणून झाकण काढा, वारा द्या. वर जाळी हवी, मासे उडी मारतात. पाणी रोज थोडं आटेल, तेवढं भरा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पंख्याचा गुण कमी; तिथं बर्फ बंद बाटलीत भरून तरंगता सोडा. सुटा बर्फ नको, पुन्हा सांगतो, सुटा नको. 

वेळ संपत आली, हिवाळ्याचं पटकन सांगतो. गप्पी, एंजल या माशांना २४ ते २८ अंशांचं पाणी लागतं. हीटर लिटरला साधारण १ वॉट, म्हणजे ५० लिटरला ५० वॉटचा. गोल्डफिशला गारवा मानवतो, त्याला हीटर नको. पाणी बदलताना आधी हीटरचं बटण बंद, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मगच पाणी काढा; हीटरची तापलेली काचेची नळी पाण्याबाहेर उघडी पडली तर तडकते. आधी बटण, बरं का. टाकी भरली, हीटर पाण्यात बुडाला, की मग परत चालू करा.