दुसरी प्रत बाहेर आहे

(शटर वर जाण्याचा आवाज. रस्त्यावर झाडू फिरतोय.)

डोंबिवली पूर्व. भाऊबीज होऊन चार दिवस झालेत. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नटूनथटून उसळलेली गर्दी केव्हाच पांगली. गल्लीच्या कडेला फटाक्यांचे लाल कागद तेवढे उरलेत. साडेआठला एका लायब्ररीचं शटर वर जातं, आणि ते पुरतं वर जायच्या आधीच एक आजोबा वाकून आत शिरतात.

"आला का?"

काय आला ते सांगत नाहीत. काउंटरमागच्या ताई विचारतही नाहीत.

"आला होता. गेला."

आजोबा स्टुलावर बसून राहतात. चौकशी दिवाळी अंकाची आहे. अंक काल दुपारी आला, दोन प्रती होत्या, दिवेलागणीच्या आत दोन्ही बाहेर. आता कोणीतरी वाचून आणून देईल तेव्हा.

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा पडली, असं मानतात. हे मित्र बंगाली नव्हेत बरं का. मूळचे आजगावकर, बंगालीवरच्या प्रेमापोटी त्यांनी आडनाव बदलून घेतलं. इंग्रजी नियतकालिकं नाताळचा खास अंक काढतात, मग आपल्या सणाला का नको, एवढाच विचार. त्याला आता शंभरावर वर्षं झाली. दर वर्षी शेकड्यांनी अंक निघतात आणि मोठ्या अंकाची किंमत तीन-चारशेच्या घरात गेलीय. दहा अंक घ्यायचे म्हटले तर फराळाचा खर्च त्यापुढे कमी वाटेल. म्हणून विकत घेणारे थोडे आणि वाचणारे पुष्कळ, असा हा व्यवहार आहे, आणि तो चालतो तो अशा काउंटरवर.

(टेबलावर नवा कोरा अंक. ताईंचे हात.)

नवा अंक आला की ताई तो लगेच कोणाला देत नाहीत. आधी त्याला दाभणानं कडेला तीन भोकं पाडून जाड दोरा ओवतात. नुसत्या डिंकावर आणि पिनांवर अंक चौथ्या वाचकाकडे सुटा होतो, हा अनुभव. मग प्लास्टिकचं कव्हर. मग शिक्के: एक पहिल्या पानावर, एक शेवटच्या, आणि एक आतल्या ठरलेल्या पानावर, जे प्रत्येक अंकात तेच असतं. शिक्क्याची पानं फाडून कोणी अंक आपला म्हणून खपवायला गेला, तर हे पान त्याला पकडून देतं. ते कितवं, हे सांगायचं नाही अशी आम्हाला तंबी आहे. शेवटी आतल्या बाजूला तारखांची पट्टी चिकटते. अंक दोन दिवसांत परत यायला हवा. कादंबरी असेल तर पंधरा दिवस, पण दिवाळीत कोणालाही पंधरा दिवस मिळत नाहीत.

जानेवारी सरेपर्यंत ती पट्टी भरते आणि तिच्यावर दुसरी चिकटते.

ताई त्या पट्टीवरून माणसं ओळखतात. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आलेला अंक रात्रीत वाचून संपवलेला असतो. चौथ्या दिवशी आलेला, दंडासकट, म्हणजे घरात तिघं वाचणारे. आणि दोन तासांत परत? "तो उघडलेला पण नसतो. नुसतं आपल्याकडे येऊन गेला, एवढ्यावर समाधान. आहेत असे पण."

वाचायच्या तऱ्हा तरी किती. बँकेतून निवृत्त झालेले एक सभासद आधी अनुक्रमणिका घेतात, वेगळ्या कागदावर आपला क्रम लावतात आणि त्याच क्रमानं वाचतात. मध्येच एखादी कथा आवडली म्हणून त्याच लेखकाची पुढची आधी वाचायची, असले लाड नाहीत. एक आजी रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचतात. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "माणूस मरणार असेल तर आधी माहीत असलेलं बरं. मग त्याच्यात जीव अडकवत नाही." एक कॉलेजातला मुलगा येतो, तो स्वतः सगळं मोबाइलवर वाचतो, अंक आजोबांसाठी नेतो. परत करताना मात्र त्यातल्या दोन कथांविषयी बोलतो. म्हणजे काय ते समजा.

आणि मग दरोडेखोर. शब्दकोडं सोडवणारे, तेही पेननं. पेन्सिलीनं सोडवलं तर खोडून दुसऱ्याला तरी देता येतं! भविष्याच्या पानावर आपली रास अधोरेखित करणारे. आणि सगळ्यात वाईट, ब्लेडवाले. पाककृतीचं पान हे लोक इतकं सफाईनं कापतात की शिवणीजवळ बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. ताई अंक परत घेताना बोलत बोलत अंगठ्यानं सगळी पानं फर्रकन सोडतात. आम्हाला वाटलं सवय असेल. ती झडती असते.

'आवाज'च्या अंकातली खिडकीचित्रं आठवतात? वरच्या पानात कापलेली खिडकी, तिच्यातून दिसणारं भलतंच काहीतरी, आणि पान उलटलं की अगदी साळसूद चित्र. आमच्या घरी हा अंक लायब्ररीतूनच यायचा, आणि यायचा तोवर आधीच्या वाचकांनी सगळ्या खिडक्या उचकटून झालेल्या असायच्या. मला कित्येक वर्षं त्या चित्रांमधला विनोद कळलाच नाही, कारण मी कायम खिडकीपलीकडचं आधी पाहिलं.

(कपाटांच्या रांगा. एका कप्प्यावर खडूनं लिहिलंय: चरित्र.)

अशी पुस्तकं फिरवायची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. इथून जवळ, ठाण्यात, १८९३ साली मराठी ग्रंथ संग्रहालय निघालं. विनायक लक्ष्मण भावे त्यामागे होते, आणि मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक एका छपराखाली आणायचं, हा ध्यास. १९६७ मध्ये ग्रंथालयांचा कायदा झाला आणि मान्यता असलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनं सरकारी अनुदान मिळू लागलं. आज अशी वाचनालयं राज्यात हजारोंनी आहेत.

ही लायब्ररी त्यांत बसत नाही. ही खासगी, सर्क्युलेटिंग. अनामत भरा, महिन्याची वर्गणी द्या, पुस्तक न्या. अनुदान नाही, म्हणून लोकांना काय हवं ते नेमकं ठाऊक असायला लागतं. काउंटरवर एक मागणी वही आहे. रेघा मारलेली, कोपरे दुमडलेली. ज्याला जे हवं त्यानं ते लिहायचं. पण खरी मागणी वहीत नसते. ती अशी येते: "मागच्या वेळी दिलंत ना, तसलंच काहीतरी द्या." मग ताई जरा मागे बघतात, उठतात आणि न शोधता एक पुस्तक काढून आणतात.

मद्रासला गणित शिकवणारे एस. आर. रंगनाथन पुढे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, हे दुसरं. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हे तिसरं. आम्ही ताईंना ती वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, तिसरं अवघड आहे. आणि एक पुस्तक दाखवलं. अकरा वर्षांत एकदाही बाहेर गेलेलं नाही. टाकत का नाही मग? "कोणीतरी येईल ना."

(लोकलचा आवाज. लेडीज डबा.)

पुस्तकं फिरवायला लायब्ररीच लागते असंही नाही. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, लेडीज डब्यात, दारापासून तिसऱ्या खिडकीशी आठ जणींचा एक गट बसतो. बसतो म्हणजे चौघी बसतात, चौघी उभ्या. ठाण्याला अदलाबदल. यांची भिशी आहे. दिवाळीच्या आधी प्रत्येकीनं एक अंक विकत घ्यायचा, आठींचे आठ वेगळे. कोणी कोणता घ्यायचा हे नवरात्रातच ठरतं, आणि त्यावरून दर वर्षी भांडण होतं. मग दर सोमवारी अंक डावीकडच्या मैत्रिणीकडे सरकवायचा. आठ आठवड्यांत आठ अंक वाचून होतात आणि आपला अंक आपल्याकडे परत येतो, तोवर त्याला सात जणींच्या डब्यांचा वास लागलेला असतो.

नियम दोन. शेवट सांगायचा नाही. आणि ज्या कथेवर बोलायचं आहे ती सगळ्यांची वाचून झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. दुसरा नियम पाळणं यांना जड जातं. आम्ही गेलो त्या दिवशी दिव्यापासून घाटकोपरपर्यंत एकच वाद चालू होता: कथेतल्या सुनेनं घर सोडलं ते बरोबर की चूक. मुंब्र्याचा बोगदा आला तेव्हा अंधारातही दोघी बोलतच होत्या. शेजारी उभी असलेली, गटात नसलेली एक बाई घाटकोपरला उतरताना म्हणाली, "बरोबरच केलं तिनं," आणि गेली. ती रोज त्यांच्या खांद्यावरून वाचते, हे त्या दिवशी कळलं.

हीच कल्पना जरा मोठी केली की नाशिकची पेटी होते. २००९ मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं, विनायक रानडे यांच्या पुढाकारानं, 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. पुस्तकांची भरलेली पेटी एखाद्या सोसायटीत, कचेरीत किंवा चार घरांच्या गटात जाते, काही महिने राहते, मग पुढच्या गटाकडे. पुस्तकांसाठी पैसे देणगीतून येतात. कोणी वाढदिवसाला देतं, कोणी गेलेल्या माणसाच्या आठवणीला. या पेट्या पुढे दुबईला गेल्या, नेदरलँड्सला गेल्या, जपानला गेल्या. परदेशात मराठी पुस्तक मिळणं किती कठीण असतं हे तिथे राहिलेल्याला विचारा. विमानात सामानाचं वजन भरतं आणि चितळ्यांच्या बाकरवडीपुढे कादंबरी हरते.

(लाकडी खोका. त्यातून एक एक वस्तू टेबलावर.)

परत लायब्ररीत. हा खोका ताई कोणाला सहसा दाखवत नाहीत. पुस्तकांत विसरून राहिलेल्या वस्तू. खुणेला काय काय लावतात माणसं! रेल्वेचा मुदत संपलेला पास. क्रोसिनची रिकामी पट्टी. लग्नपत्रिकेचा फाडलेला कोपरा, त्यावरचा गणपती शाबूत. विमा भरल्याची पावती. जाळी झालेलं पिंपळपान. दहाची नोट, जिच्यावर ताईंनी पुस्तकाचं नाव लिहून ठेवलंय, कोणी विचारायला आलं तर द्यायला. आणि एका लहान मुलीचा शाळेच्या गणवेशातला पासपोर्ट फोटो. ती आता मोठी झाली असेल, असं मी म्हटलं. ताई म्हणाल्या, "झालीय. मागच्या आठवड्यात आलेली. नको म्हणाली. राहू दे तिथेच."

करोनाच्या वर्षी, २०२० साली, काउंटरपुढे दोरी बांधली होती. परत आलेली पुस्तकं एका गोणीत टाकून तीन दिवस तशीच ठेवायची, मग पुसून आत घ्यायची. सभासद दोरीपलीकडून ओरडून पुस्तक मागायचे. त्या वर्षी अंक कमी निघाले, पण जे निघाले त्यांच्या पट्ट्या सगळ्यात लवकर भरल्या. ताईंनी ते अंक रद्दीत घातले नाहीत. एरवी होळीच्या सुमारास जुने अंक किलोवर जातात.

(फेब्रुवारी. दुपार. पंखा सुरू झालाय.)

दिवाळीच्या त्या सकाळी आजोबांना जो अंक मिळाला नाही, तो आम्ही फेब्रुवारीत मागून घेतला. दोन पट्ट्या भरलेल्या. कव्हर पिवळं. आत एक लांबलचक कथा आहे, आणि ती संपते तिथे, पान १४३ च्या तळाला, पेन्सिलीनं कोणीतरी लिहिलंय:

"शेवट कळला नाही."

त्याखाली दुसरं अक्षर, निळं, गोल: "मलाही नाही."

त्याखाली तिसरं, शिक्षकी वळणाचं, लाल: "पान १४१ नीट वाचा."

या तिघांनी एकमेकांना बहुधा कधी पाहिलेलं नाही. पुस्तकात लिहू नये, हे मला मान्य आहे. ताईंनी दारावर तशी पाटीही लावलीय. तरी पेन्सिलीच्या या तीन ओळींसाठी... बरं, एक लाल आहे. असो. आम्ही १४१ उघडायला गेलो.

१४० नंतर १४३.

शिवणीजवळ बोट फिरवलं. स्वच्छ, सरळ काप. ताईंनी अंक हातात घेतला, कपाळाला आठी घातली.

"मागच्या बाजूला मसाल्याची जाहिरात होती. चकलीच्या भाजणीचं प्रमाण."

मग १४१ मध्ये काय होतं?

"मी कथा वाचत नाही हो. मला वेळ कुठे." त्यांनी वही उघडली, बोट खाली खाली नेलं आणि एका नावाशी थांबवलं. "दुसरी प्रत बाहेर आहे. आजोबांकडे. सोमवारी या."