डोळ्यातला घड

(दृश्य: एप्रिलची सकाळ. छाटलेली द्राक्षबाग.)

ही बाग वाळलेली नाहीये. एप्रिलमध्ये तासगाव तालुक्यात कुठंही गाडी थांबवा, असंच दिसणार, हिरवं म्हणून जेवढं होतं ते सगळं कापलेलं, तारांवर नुसते ओलांडे, म्हणजे वेलीचे जाड आडवे हात, आणि खाली काड्यांचा ढीग. खरड छाटणी म्हणतात हिला. आप्पांची तीस वर्षं द्राक्षात गेली, तरी पहिली कात्री लावायच्या आधी वेलीवर हात ठेवून डोळे मिटतात. ओठ हलतात. काय म्हणतात ते आम्ही विचारलं नाही.

(दृश्य: नवी काडी, क्लोजअप.)

आता काडीवरचा हा डोळा, म्हणजे जिथनं फुटवा येतो ती गाठ, नीट बघा. खरड छाटणीनंतर नवी काडी फुटते आणि साधारण दोन महिन्यांच्या आतच या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड धरायला लागतो. वरून काहीच दिसत नाही. घड बाहेर यावा म्हणून करायची दुसरी छाटणी, फळछाटणी, ती ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे अख्खा पावसाळा माणूस न दिसणाऱ्या घडासाठी राबतो, दावण्या रोग आला मार औषध, भुरी रोग आला मार औषध, रात्री पाऊस लागला की पहाटे पंप पाठीवर. आप्पा म्हणतात, "सोय त्यानं आधीच करून ठेवलेली असती, आपल्याला उशिरा दिसती एवढंच."

आम्हाला ही फिल्म करायची होती ती या एका वाक्यासाठी.

(दृश्य: फेब्रुवारी. तडकलेले मणी, मांडवाखाली चिखल.)

दोन महिन्यांपूर्वीची हीच बाग. तास-ए-गणेश, याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वेंनी थॉमसन सीडलेसमधून निवडून वाढवलेली जात. व्यापाऱ्याशी दर ठरला होता, दोन दिवसांनी माल उतरणार होता आणि रात्री अवकाळी आला. व्यापाऱ्याचा फोन बंद. त्यानंतर आप्पांना झोप नाही, रात्री दोनला बॅटरी घेऊन बागेत, परत घरात, परत बागेत. काकू म्हणाल्या, "अहो, बॅटरी मारून मणी जुळत्यात व्हय? मोरयाला दिसतंय सगळं. पडा जरा."

आणि आप्पा पडले, झोपले. सकाळी उठून म्हणाले, बेदाणा करू.

(दृश्य: बेदाणा शेड.)

तडकलेले मणी कात्रीनं एकेक काढायचे, हेच काम सगळ्यात मोठं, नऊ बायका चार दिवस बसल्या होत्या. मग पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल कालवायचं, घड त्यात बुडवून काढायचे, त्यानं सालीवरचं मेण सुटतं आणि आतलं पाणी लवकर उडतं. मग शेडमध्ये जाळ्यांवर पसरायचे, एकावर एक थर, ऊन नको पण वारा खेळता पाहिजे. पंधरा-वीस दिवस. हिरवा मणी आधी मऊ पडतो, मग सुरकुततो, मग जाळी हलवली की खडखड वाजतो. (हा आवाज मुद्दाम तसाच ठेवलाय, म्युझिक नाही टाकलं.) चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. या पंधरा दिवसांत पुन्हा ढग आले असते तर सगळा माल काळा पडला असता. आप्पा रोज संध्याकाळी आभाळाकडं बघून हात जोडायचे आणि घरी जाऊन झोपायचे, खरंच झोपायचे, काकू साक्षीला आहेत.

ढग आले नाहीत. बेदाणा विकला, खर्च निघाला, सोसायटीचा हप्ता थकला, काकूंच्या पाटल्या बँकेत गेल्या त्या अजून तिथंच आहेत.

(दृश्य: ऋषिपंचमी, तासगावचा रथ.)

परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेलं हे गणपतीचं देऊळ, वर सात मजली गोपुर. आज गणपती रथात बसून काशीविश्वेश्वराला म्हणजे वडिलांना भेटायला निघालाय. दोरखंडाला हजारो हात, त्यातले दोन आप्पांचे. निळा सदरा, टोपी पडलेली, बघा.

(दृश्य: काडी तपासणी.)

फळछाटणीच्या आधी, डोळ्यात घड धरलाय का ते बघायला, काड्या प्रयोगशाळेत आणल्यात. तिथल्या मुलानं ब्लेडनं डोळा उभा चिरला, सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली, म्हणाला, "बघा आप्पा."

मागं लायनीत चारजण काड्यांच्या पेंढ्या घेऊन उभे आहेत. आप्पा सूक्ष्मदर्शकावरनं डोळा काढत नाहीयेत.