राहून गेलेली कुस्ती

(दृश्य : वडोदरा, कमाटीबाग, सकाळ. म्युझियमकडे जाणारी वाट.)

लहानपणी आम्ही दंड फुगवून दाखवले की आजी म्हणायची, "मोठा गामा पैलवान लागून गेलास!" गामा हा भीमासारखा गोष्टीतलाच कुणीतरी, अशी माझी समजूत. मग एका रविवारी बाबांनी सायकलवरून इथे आणलं आणि हा दगड दाखवला.

(दृश्य : दगड, अगदी जवळून.)

चौकोनी, जेमतेम अडीच फुटांचा. २३ डिसेंबर १९०२ रोजी गुलाम मोहम्मदने, म्हणजे गामाने, तो उचलल्याची नोंद आहे. वजन सांगतात सुमारे बाराशे किलो. खरं सांगू? माझा पुरता विश्वास बसत नाही. उचलला म्हणजे किती, छातीपर्यंत की बोटभर? आणि समजा उचलला. दगड काही उलटा डाव टाकत नाही.

गामा मला दिसतो तो एका राहून गेलेल्या कुस्तीत.

(दृश्य : जुनी छायाचित्रं.)

१९१०, लंडन. उंची कमी म्हणून गामाला स्पर्धेत घेईनात. त्याने उघड आव्हान दिलं, आलेल्यांना लोळवलं आणि मगच दार उघडलं. १० सप्टेंबरला समोर आला पोलंडचा स्टॅनिस्लाउस झिबिस्को. गामाने त्याला सुरुवातीलाच खाली घेतलं. पण झिबिस्को जो पालथा पडला, तो हलेचना. कुस्तीत पोट टेकलं तर काही बिघडत नाही, पाठ टेकली तर संपलं. अडीच तास गामा त्याला उलटवायला बघतोय आणि तो गादीला घोरपडीसारखा चिकटलेला. शेवटी कुस्ती सोडवली. पुढची तारीख १७ सप्टेंबर. त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही.

मानाचा पट्टा गामाला मिळाला. पण तालमीतल्या माणसाला विचारा. पट्टा मिळाला म्हणून कुस्ती निकाली होत नाही.

मायदेशी परतल्यावर गामाने रहीम सुलतानीवाल्याला हरवलं. रहीम त्याच्याहून वयाने मोठा, उंचीने तर चांगलाच मोठा, आणि आधी त्यांच्या कुस्त्या बरोबरीत सुटलेल्या. त्यानंतर मात्र गामाला जोडच मिळेना. तिकडे अमेरिकेत झिबिस्को १९२१ मध्ये आणि पुन्हा १९२५ मध्ये जगज्जेता झाला. म्हणजे गादीला चिकटलेला तो गडी काही लेचापेचा नव्हता.

जानेवारी १९२८, पतियाळा. महाराजा भूपिंदरसिंगांनी दोघांना पुन्हा समोरासमोर आणलं. मधे सतरा वर्षं गेलेली. दोघेही पन्नाशीच्या आसपास. या वयात पैलवानाची मान आणि खांदे शाबूत दिसतात, गुडघे मात्र खरं बोलतात.

हाताला हात भिडला आणि झिबिस्कोची पाठ टेकली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. आमच्या कॅमेरामनला तेवढ्यात फोकसही जमला नसता.

पुढच्या वर्षी पीटरसन आला, हरला. मग कुणी नाही. गामा अजिंक्य राहिला हे आपण कौतुकाने सांगतो, पण शेवटची कितीतरी वर्षं त्याच्यासमोर कुणी उभंच राहिलं नाही, हे सांगायचं राहून जातं. फाळणीनंतर लाहोर. १९६० मध्ये तिथेच तो गेला. आमच्या वाट्याला दगड.

(दृश्य : दांडिया बाजार, संध्याकाळ. मग एका तालमीचा हौदा.)

याच दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाममंदिर १८८० पासून आहे. खंडेराव महाराजांना कुस्तीचं वेड, सयाजीरावांच्या राज्यातही मल्लांना मान. इथल्या मराठी घरांतली कितीतरी पोरं लाल मातीत लोळूनच मोठी झाली.

हौद्यात दोन पोरं अडकली आहेत. खालचा पालथा, दोन्ही मुठींत माती. वरचा दमलाय, वस्तादांकडे बघतोय, सोडवा म्हणून. वस्ताद कठड्यावरून हलत नाहीत.

"पोटाखाली हात घाल," ते म्हणतात. "उद्या तो येईलच असं नाही."