जवसाची तार
(लघु माहितीपटासाठी निवेदन)

(पडदा काळा. कोरड्या बिया पातेल्यात पडल्याचा आवाज.)

पाव कप जवस. दोन कप पाणी. केसांना लावायच्या जेलचं साहित्य संपलं.

बिया अख्ख्याच हव्यात. कुटलेल्या जवसाचा लगदा होतो, तो गाळता गाळत नाही, आणि मग केसांतून कोंड्यासारखे कण वेचत बसावं लागतं. तपकिरी जवस घ्या की सोनेरी, काम तेच.

पातेलं मध्यम आचेवर चढलं. पाणी तापेपर्यंत एक वेगळी गोष्ट बघू.

(काचेचा पेला, अगदी जवळून. पाण्यात एकच बी.)

हे पाणी साधं, नळाचं. चित्रण आम्ही वेगानं पळवलं आहे. बीच्या कडेकडे लक्ष ठेवा. आधी काही नाही. मग एक धूसर रेघ, आणि आता बीभोवती काचेसारखं कडं उभं राहिलंय. सुईनं ढकललं तर बी त्या कड्यासकट सरकते.

जवसाच्या सालीच्या सगळ्यात बाहेरच्या पेशींमध्ये हा चिकट पदार्थ वाळून, ठासून भरलेला असतो. पाणी लागलं की फुगतो, पेशीची भिंत फोडतो आणि बाहेर पडतो. मातीत पडलेल्या बीला ओल धरता यावी, जागेला चिकटून राहता यावं, म्हणून झाडानं केलेली ही तजवीज. रसायनाच्या भाषेत या शर्करेच्या लांबच लांब साखळ्या आहेत, पॉलिसॅकराइड्स. साखळी लांब, म्हणून ती भरपूर पाणी धरते. तार सुटते तीही त्यामुळेच.

तेल मात्र बहुतेक आत, गरात असतं. गाळलेल्या जेलमध्ये ते जवळपास उतरतच नाही. म्हणून जवसाच्या तेलात ओमेगा-3 हे स्निग्धाम्ल आहे तेव्हा हे जेल लावून केस वाढतील, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हे जेल केस धरून ठेवतं. त्यासाठीच ते करायचं.

1753 मध्ये कार्ल लिनियसनं या झाडाला शास्त्रीय नाव दिलं: लिनम युसिटॅटिसिमम. युसिटॅटिसिमम म्हणजे अतिशय उपयोगाचं. लिननचं कापड याच्या खोडातल्या धाग्यांचं. तैलरंगात मिसळतात ते तेल याच्या बियांचं. आणि आता हे पातेलं.

(पुन्हा शेगडी. लाकडी चमचा फिरतोय.)

उकळी आली की आच मंद. ढवळणं थांबवायचं नाही, नाहीतर बिया तळाला बसतात आणि करपतात. पहिली काही मिनिटं हाती काहीच लागत नाहीये असं वाटतं, पाणी फक्त गढूळ होतं. मग कडेनं बारीक पांढरा फेस धरायला लागतो. बुडबुडे फुटायला वेळ लावतात. चमच्याला जडपणा येतो, तो मनगटाला कळतो.

आता चमचा उचलताना बघा. थेंब. थेंब. आणि ही तार.

पातळ, लांब, खाली पडूनही चमच्याला धरून असलेली. अंडं फोडल्यावर पांढरा भाग जसा ओघळतो, तसं. उकळी आल्यापासून सात ते दहा मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा तारेवर भरवसा ठेवावा. ती दिसली की शेगडी बंद. अजून थोडं दाट होऊ दे, असा मोह इथं हमखास होतो. होऊ देऊ नका. निवताना ते आपोआप दाट होतं. दोन मिनिटं जास्त झाली तर सगळ्या बिया जेलमध्ये अडकून बसतात आणि गाळणी हात टेकते. तसं झालंच तर थोडं पाणी घालून पुन्हा गरम करावं, फेकू नये.

(नायलॉनचा पायमोजा वाडग्याच्या तोंडावर ताणलेला.)

गाळायचं ते गरम असतानाच. साध्या गाळणीतून जेल खाली उतरायला तयार नसतं. मलमलीचं फडकं चालतं, पण ज्या मायलेकींसाठी हे जेल चाललंय, त्यांच्या घरी स्वच्छ धुतलेला, याच कामाला ठेवलेला नायलॉनचा मोजा आहे. ताणला की भोकं मोठी होतात, पिळला की बारीक. हाताला चटका बसू नये म्हणून एका हातात चिमटा, दुसऱ्या हातावर रबरी मोजा.

आता मी बोलत नाही.

(पिळताना जेल मोज्याच्या बाहेर येतं, पट्ट्यांनी वाडग्यात उतरतं. वीस सेकंद फक्त आवाज.)

(आरसा. आई आणि मुलगी.)

आईचे केस लॉक्स आहेत. मराठीत पटकन जट म्हणून मोकळं होता येईल, पण जट हा शब्द आपण दुर्लक्षानं झालेल्या गुंत्याला वापरतो. हे लॉक्स भाग पाडून, एकेक बट हातानं वळून, वर्षानुवर्षं सांभाळलेले आहेत. मुलीचे केस मोकळे, स्प्रिंगसारखे दाट कुरळे. ओढली तर बट खांद्याला टेकते, सोडली की कानाशी परत.

आफ्रिकी वंशाच्या माणसांच्या या केसांवर सरकारांनी हुकूम काढलेले आहेत. 1786 मध्ये स्पॅनिश अमलाखालच्या, आज अमेरिकेत असलेल्या लुइझियानात गव्हर्नर एस्तेबान मिरो यांनी, गुलामगिरीत नसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनीही केस कापडाखाली बांधावेत, असा आदेश दिला. त्या स्त्रियांनी ते कापड इतकं देखणं बांधलं की तोच त्यांचा दागिना झाला. कामावर आणि सरकारी शाळेत केसांचा पोत, वेण्या, ट्विस्ट (दोन बटा एकमेकींभोवती पिळलेल्या) किंवा लॉक्स यांवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य कॅलिफोर्निया; या कायद्यावर, क्राउन ॲक्टवर, तिथं सही झाली 2019 मध्ये. मधली 233 वर्षं आणि त्यातल्या तापवलेल्या फण्या, केस सरळ करणारी दाहक रसायनं. या आरशासमोर दोन्हीही नाहीत.

मुलीचे केस आधी ओले, अगदी निथळते. टाळूचं तेल इतक्या वळणांतून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून हे केस कोरडे राहतात आणि म्हणूनच पाणी आधी. त्यावर जेल. तळहातावर घेऊन, बोटांच्या मधून बट सरकवत, मुळापासून टोकाकडे. बघा, विखुरलेले केस एकमेकांना चिकटतात आणि वळण स्वतःहून उभं राहतं. आई ते वळण घडवत नाही. ते होतंच, जेलनं फक्त त्याला एकत्र धरलं.

आईच्या लॉक्सना जेल लागतं ते मुळाशी, नव्यानं वाढलेल्या केसांना, आणि अगदी बोटभर. लॉक दोन तळव्यांमध्ये धरून एकाच दिशेनं वळायचा, मुळाशी चिमटा लावायचा, पुढचा घ्यायचा. मेण लावणारेही आहेत. मेण पाण्यानं निघत नाही, लॉकच्या आत घर करून बसतं. जवसाचं जेल पाण्यात विरघळतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

तरीही फार लावलं तर आत पांढरा थर साचतो, लॉक आतून ओला राहिला तर कुबट वास धरतो, आणि मुळं फार घट्ट वळली तर कपाळाकडचे केस कायमचे जाऊ शकतात. जेल फ्रिजमध्ये आठवडाभर, फार तर दोन. वास बदलला किंवा पाणी सुटलं की टाकून द्यायचं. सुगंधी तेलाच्या थेंबांनी ते टिकत नाही. जास्त झालं तर बर्फाच्या साच्यात गोठवावं.

(बरणी. झाकणावर तारखेची चिठ्ठी.)

दुपार झाली. मुलीचे केस वाळले आहेत, आणि हात लावला तर कडक लागतात. घाबरून धुऊ नका. जेल वाळून केसांवर पापुद्रा धरतं, तो ओल्यात मोडायचा नसतो. पूर्ण वाळू द्यायचं. मग तळहातावर तेलाचा एक थेंब, आणि बट खालून वर, मुठीत हलकेच चुरगाळायची.

आवाज ऐका.

(कुरकुर. एक बट मोकळी होते. मग दुसरी. मुलगी डोकं हलवते.)