मारीचा राजा झिम्री-लिम आणि त्याची लेक

मंडळी, मेसोपोटेमिया म्हटलं की बाबिलोनचा राजा हम्मुराबी आठवतो. मला आज बोलायचंय ते त्याने ज्याचं राज्य बुडवलं त्या राजाबद्दल. झिम्री-लिम, मारी नगराचा राजा. काळ साधारण इ. स. पू. १७७५ ते १७६१. मारी म्हणजे आजच्या सीरियात युफ्रेटिसकाठी असलेलं तेल हरीरी. १९३३ मध्ये थडग्यासाठी दगड शोधणाऱ्या लोकांना तिथे मुंडकं नसलेला पुतळा मिळाला आणि फ्रेंच पुरातत्त्वज्ञ आंद्रे पारो यांनी उत्खनन सुरू केलं. जवळजवळ ३०० दालनांचा राजवाडा निघाला. त्याहून मोलाच्या निघाल्या हजारो मातीच्या पाट्या. त्यांत पुष्कळ पत्रं आहेत.

या पत्रांतून राजसत्तेचं खरं रूप दिसतं. झिम्री-लिमचा एक अधिकारी लिहितो, एकट्याच्या बळावर कुणीच राजा थोर नाही. हम्मुराबीच्या मागे दहा-पंधरा राजे, दक्षिण मेसोपोटेमियातल्या लार्साच्या रिम-सिनमागे तितकेच, यमहदच्या (आजच्या अलेप्पोभोवतालचं राज्य) यरिम-लिममागे वीस. झिम्री-लिमची पट्टराणी शिब्तु याच यरिम-लिमची मुलगी. सोयरीक हाच तहनामा होता. झिम्री-लिमनेही स्वतःच्या मुली मांडलिक राजांना दिल्या.

राणीला त्याने लिहिलेलं एक पत्र मला फार आवडतं. वाड्यातली नन्नामे नावाची बाई आजारी आहे. राजा कळवतो: तिच्या पेल्यातून कुणी पिऊ नये, तिच्या आसनावर बसू नये, तिच्या बिछान्यावर निजू नये, हा रोग लागणारा आहे. जंतूंची कल्पनाही नसलेल्या काळात हे निरीक्षण!

आता किरूबद्दल. ही झिम्री-लिमची मुलगी. इलान्सुराचा मांडलिक राजा हाया-सुमू याला दिलेली. तिची बहीण शिमातुम त्याचीच बायको. बापाने किरूकडे तिथे अधिकारपदही सोपवलं होतं. ती राजकारणातल्या बातम्या आणि सल्ले बापाला लिहून पाठवायची. म्हणजे तिने सासरी नांदायचं आणि माहेरचं कामही करायचं. नवरा बिथरला, बहिणीशी वैर आलं, हाताखालच्या दासीही काढून घेतल्या गेल्या. शेवटी तिने लिहिलं की मला मारीला परत नेलं नाहीत तर मी गच्चीवरून उडी घेईन. पुढे झिम्री-लिमने तिला घरी आणण्याची व्यवस्था शिब्तुवर सोपवली. पण या राजाचा मोठेपणा मोजताना किरूचे ते दिवस हिशेबात धरायलाच हवेत, असं मला ठामपणे वाटतं. राजवाड्याच्या भिंतींवरची रंगीत चित्रं सगळेच दाखवतात. मुलीच्या जिवावर चाललेलं राज्य क्वचितच कुणी दाखवतं.

हम्मुराबी झिम्री-लिमचा मित्र होता. एलाम, म्हणजे आजच्या इराणातल्या राज्याविरुद्ध दोघांनी हातमिळवणी केली, लार्सा घेताना मारीचं सैन्य बाबिलोनच्या मदतीला गेलं. एलाम हटला, लार्सा पडलं आणि इ. स. पू. १७६१ च्या सुमारास तोच मित्र मारीवर आला. पुढे तट पाडले, राजवाडा जाळला.

त्याआधी बाबिलोनच्या कारकुनांनी दप्तर चाळलं. पाट्या टोपल्यांत भरून त्यांवर मातीच्या चिठ्ठ्या लावल्या. त्यांवर हम्मुराबीच्या राजवटीचं ३२वं वर्ष नोंदलेलं आहे. बड्या राजांची पत्रं त्यांनी बहुतेक उचलून नेली, असं अभ्यासक मानतात. किरूची पत्रं त्यांना बिनकामाची वाटली असावीत. ती मारीतच राहिली, म्हणून आज आपण ती वाचू शकतो.