डायनासोर कशाने संपले? प्रलयाच्या कथा आणि खडकांची साक्ष

नमस्कार. डायनासोरांचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, ते मेले कशाने? दुसरा जरा दबक्या आवाजात येतो: आमच्या धर्मग्रंथात यांचा उल्लेखच नाही, मग यांना बसवायचं कुठे? हा दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा हसून गप्प केलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. म्हणून आज दोन्ही प्रश्न एकत्र घेऊ.

सुरुवात थोडी मागून करू. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपात, एखादा प्राणी कायमचा नाहीसा होऊ शकतो हेच बहुतेकांना मान्य नव्हतं. देवाची सृष्टी परिपूर्ण आहे, मग त्यातला एक प्राणी पुसला जाईलच कसा? अवाढव्य हाडं सापडली की म्हणायचे, हा प्राणी दूर कुठेतरी जिवंत असणार. अमेरिकेचे थॉमस जेफरसन यांनाही मॅमथबद्दल असंच वाटायचं. 1796 मध्ये पॅरिसला प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युविए यांनी मॅमथ आणि आजचे हत्ती यांच्या हाडादातांची तुलना मांडली आणि दाखवून दिलं की हा वेगळा प्राणी होता, आणि तो आता उरलेला नाही. म्हणजे प्राणी नामशेष होतात ही गोष्ट माणसाला नीट कळून सव्वादोनशे वर्षंच झाली आहेत. आपले धर्मग्रंथ त्याच्या कितीतरी आधीचे. त्यांच्यात डायनासोर नाहीत याचं आश्चर्य का वाटावं?

पण डायनासोर सापडल्यावर श्रद्धावंतांना उत्तर शोधावं लागलं, आणि त्यांनी ते शोधलं. आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलमधल्या वंशावळींवरून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी 4004 साली धरला होता. पृथ्वी सहा हजार वर्षांची मानणारे आजचे लोक म्हणतात की डायनासोर माणसांसोबतच राहत होते, बायबलमधल्या जलप्रलयात नोहाने ज्या तारवात, म्हणजे मोठ्या जहाजात, प्राणी वाचवले त्यात त्यांच्याही जोड्या होत्या, बाकीचे बुडाले आणि त्यांचेच जीवाश्म झाले. तारवातून उतरलेले पुढे बदललेल्या हवामानाने आणि शिकारीने संपले. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात बेहेमोथ नावाचा प्राणी आहे, शेपूट गंधसरूच्या झाडासारखी. तो म्हणजे लांब मानेचा डायनासोर, असंही ते सांगतात. बरेच भाष्यकार त्याला पाणघोडा समजतात.

सगळे ख्रिस्ती असं मानतात, असं मात्र समजू नका. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातल्या सृष्टिनिर्मितीचा एक दिवस म्हणजे एक दीर्घ युग, असं मानणारे आहेत. कॅथलिक चर्चचा तर लाखो-कोटी वर्षांच्या काळाला विरोधच नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्ये उत्क्रांती ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही, असं सांगितलं होतं. कुराणात पृथ्वीचं वय दिलेलं नाही, त्यामुळे तिथे हा वाद या रूपात येत नाही.

आणि पुराणं? ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, 432 कोटी वर्षांचा. एवढे मोठे आकडे पाहिले की कोट्यवधी वर्षांपूर्वीचा प्रलय आमच्याकडे आधीच लिहून ठेवलाय, असं म्हणायचा मोह होतो. मग गणित करूनच बघू. कल्पाचे भाग म्हणजे मन्वंतरं; सध्याचं सातवं, वैवस्वत. त्यातली 27 महायुगं संपली, एकेक 43 लाख 20 हजार वर्षांचं, आणि अठ्ठाविसाव्या महायुगाचं कलियुग चालू आहे. म्हणजे हे मन्वंतर सुरू होऊन साधारण 12 कोटी वर्षं झाली. डायनासोर संपले 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. मन्वंतर चालू असतानाच! तिथे ना कल्पाचा अंत, ना मन्वंतराचा सांधा. काळाची ती भव्य कल्पना मला मनापासून आवडते, पण या घटनेशी तिचा मेळ ओढूनताणून बसवू नये.

आता जलप्रलयाकडे परत, कारण ती कथा खरोखर तपासली गेली. आणि तपासणारे कोण होते? धर्मगुरू. विल्यम बकलँड हे ऑक्सफर्डचे धर्मोपदेशक. 1824 मध्ये मेगॅलोसॉरसचं, म्हणजे डायनासोरचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्यांनीच केलं. गुहांमधली हाडं आणि गाळ पाहून हा जलप्रलयाचाच पुरावा आहे, असं त्यांनी 1823 मध्ये लिहिलं होतं. पुढे खडक जसजसे उलगडत गेले तसतसं ते टिकेना, आणि 1836 पर्यंत त्यांनी ते सोडून दिलं. केंब्रिजचे ॲडम सेजविक, तेही दीक्षित धर्मगुरू. 1831 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून उतरताना त्यांनी आपलं जलप्रलयाचं मत सर्वांसमोर मागे घेतलं. या दोघांची श्रद्धा गेली नाही. डार्विनचं नाव जगाला माहीत होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

या कथेला अडचण कशाची येते? सगळे प्राणी एकाच पुरात मेले असते तर गाळात सरमिसळ दिसायला हवी. ती कुठेच दिसत नाही. माणसाचं हाड डायनासोरच्या थरात कधीच सापडलेलं नाही. त्यात घरट्यांचा पुरावा तर मला सगळ्यात बिनतोड वाटतो. अर्जेंटिनात आउका माउएवो नावाची जागा आहे. तिथे डायनासोरांची अंडी एकावर एक अशा अनेक थरांत आहेत. आले, अंडी घातली, गाळाने झाकली गेली, पुन्हा आले, पुन्हा घातली. जग बुडवणाऱ्या पुराच्या मधोमध हे कसं शक्य आहे?

टेक्सासमधल्या पॅलक्सी नदीच्या पात्रात डायनासोरच्या पावलांशेजारी माणसाची पावलं आहेत, असा दावा बरीच वर्षं चालला. नीट पाहिल्यावर त्यातले बरेचसे ठसे डायनासोरचेच निघाले, आणि 1986 मध्ये सृष्टिनिर्मितीवादी संस्थांनीही हा पुरावा वापरणं थांबवायला सांगितलं. हे त्यांनी योग्य केलं.

जीवाश्मतज्ज्ञ मेरी श्वाइट्झर यांचंही नाव इथे घ्यायला हवं. 2005 मध्ये त्यांनी टी. रेक्स या डायनासोरच्या हाडात मऊ, ताणली जाणारी ऊती दाखवली. लगेच गाजावाजा झाला की बघा, कोट्यवधी वर्षं खोटी! श्वाइट्झर स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत. आपल्या शब्दांची मोडतोड केली जाते, अशी त्यांनीच उघड तक्रार केली. पुढे रक्तातलं लोह ऊती टिकवायला कसं मदत करू शकतं, याचे प्रयोगही त्यांनी केले.

आता विज्ञानाकडे. इथेही बराच काळ नुसते तर्क होते. सस्तन प्राण्यांनी डायनासोरांची अंडी खाल्ली, डायनासोरांची जातच म्हातारी झाली, असं काहीही! यातल्या एकातूनही समुद्रातले शंखधारी अमोनाइट आणि मोसासॉर नावाचे मोठे सरपटणारे प्राणी त्याच वेळी का संपले, हे कळत नव्हतं.

1980 मध्ये चित्र पालटलं. इटलीतल्या गुब्बियोजवळ चुनखडकाच्या दोन थरांमध्ये मातीचा जेमतेम सेंटिमीटरभर पट्टा आहे. खाली डायनासोरांचा काळ, वर त्यांच्यानंतरचा. भूशास्त्रज्ञ वॉल्टर अल्वारेझ, त्यांचे नोबेल विजेते वडील लुईस, आणि रसायनतज्ज्ञ फ्रँक असारो व हेलन मिशेल यांनी त्या पट्ट्यातलं इरिडियम हा धातू मोजला. तो नेहमीच्या तीसपट निघाला. डेन्मार्कमध्ये 160 पट. पृथ्वीच्या कवचात इरिडियम अगदी कमी असतं, अशनींमध्ये भरपूर. चौघांनी छातीठोकपणे सांगितलं, सुमारे 10 किलोमीटरचा लघुग्रह आदळला होता.

या विधानात त्यांनी मोठा धोका पत्करला होता. ते खरं असेल तर हा पट्टा जगभर मिळायला हवा, आणि सुमारे 200 किलोमीटरचं विवर कुठेतरी असायलाच हवं. पट्टा मिळत गेला. विवर मेक्सिकोच्या युकातानमध्ये चिक्शुलुबला होतं, जमिनीखाली गाडलेलं. तेल शोधताना ग्लेन पेनफिल्ड आणि अँटोनियो कामार्गो यांना ते दिसलंही होतं. 1981 मध्ये त्यांनी तसं सांगितलं, पण फारसं कोणी ऐकलं नाही. 1991 मध्ये ॲलन हिल्डब्रँड आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधाने ते जगापुढे आलं. व्यास सुमारे 180 किलोमीटर.

तिथल्या खडकात गंधक भरपूर होतं. आघाताने ते वर उडालं, सोबत धूळ आणि काजळी. ऊन अडलं, वनस्पती अन्न बनवू शकेनात. आधी शाकाहारी उपाशी, मग त्यांना खाणारे. सुमारे तीन चतुर्थांश प्रजाती गेल्या. डायनासोरांची एकच शाखा वाचली, ती म्हणजे पक्षी.

एक वाद मात्र अजून जिवंत आहे, दख्खनच्या लाव्हाचा. त्याच सुमारास भारतात प्रचंड उद्रेक चालू होते. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भूभाग त्या लाव्हाच्या काळ्या खडकाने, बेसॉल्टने, व्यापलेला आहे. भूशास्त्रज्ञ गेर्टा केलर यांच्या मते खरा मारेकरी तोच. 2019 मध्ये एकाच साप्ताहिकात दोन गटांनी त्या लाव्हाचं वय मांडलं. एकाचं म्हणणं, आघाताच्या आधी मोठा झोत येऊन गेला. दुसऱ्याचं, बहुतेक लाव्हा नंतर आला. 2020 मध्ये समुद्रतळातल्या तापमानाच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतून दिसतं की उद्रेकांच्या वायूंमुळे झालेली मोठी तापमानवाढ आघाताच्या बरीच आधी येऊन ओसरलीही होती. त्यामुळे मुख्य घाव लघुग्रहाचाच, असं मी मानतो. आघातानंतर आलेल्या लाव्हाने जीवसृष्टीला सावरायला उशीर लावला का, यावर वाद अजून चालू आहे, आणि त्यासाठी सह्याद्रीच्या कातळातल्या नमुन्यांची वयं आणखी बारकाईने मोजली जात आहेत.