बारी ओलांडून

बडोद्याच्या सयाजीगंजात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला विद्याशाखेचा घुमट दुरूनच नजरेत भरतो. रॉबर्ट चिझम यांनी ही वास्तू १८८१ मध्ये सुरू झालेल्या बडोदा कॉलेजसाठी रचली आणि १९४९ साली विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती त्याच्याकडे आली. याच परिसरात आज अकोले तालुक्यातून आलेले एक कथाकार बोलणार आहेत. विषय आहे प्रादेशिक कथा.

ते उभे राहतात, चष्मा पुसतात आणि व्याख्यानाऐवजी स्वतःच्या एका कथेचा पहिला परिच्छेद वाचू लागतात. भाताची पोती लादलेली बैलगाडी अंधारातच घोटीच्या बाजाराला निघाली आहे आणि म्हातारा गाडीवान बैलांना सांगतो आहे, ‘बारी वलांडू द्या, मंग दम खा.’ श्रोत्यांत दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील मराठी घरांमधली वडीलधारी मंडळी आहेत. पुढच्या रांगेतल्या एका आजींच्या कपाळावर आठी पडते. वाचन थांबताच त्या विचारतात, ‘अहो, पण बैलगाडी बारीतून जाईल कशी?’

सभागृहात हशा पिकतो, कारण आजींच्या घरात बारी म्हणजे खिडकी. शेजारच्या गुजरातीतून हा शब्द आत आला आणि इतका रुळला, की संध्याकाळी ‘बारी लाव, डास येतील’ असे म्हणताना तो बाहेरचा आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. लेखकांच्या मुलखात मात्र बारी म्हणजे डोंगरातली अरुंद खिंड. कळसूबाईच्या पायथ्याशी त्या नावाचे गावच आहे. पंढरपूरच्या दर्शनबारीत तर हाच उच्चार रांगेचा अर्थ घेऊन उभा असतो.

लेखक लिहून आणलेले कागद बाजूला ठेवतात. पुण्या-मुंबईच्या समीक्षेत अकोले हा ‘प्रदेश’ ठरतो आणि तिथली कथा ‘प्रादेशिक’, पण बडोद्यात अवघी मराठीच एका मोहल्ल्याची, एका वाड्याची भाषा असताना हे विशेषण कुणी कुणाला लावायचे, असा त्यांचा प्रश्न आहे. तो या गावात विचारला जावा हे योग्यच म्हणायचे, कारण महाराष्ट्राबाहेरच्या या शहरात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार मराठी साहित्य संमेलने भरली आहेत. वक्त्यांनी उल्लेख केला नाही, पण ज्यांचे नाव या विद्यापीठाला आहे ते सयाजीराव महाराजही नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातले. १८७५ मध्ये दत्तक म्हणून गादीवर बसेपर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणजे त्यांची पहिली मराठी पुस्तकातून नव्हे, शिवारातून आलेली. त्याच राजाने १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.

व्याख्यानाचा कस लागतो तो निवेदनाच्या भाषेपाशी. पूर्वीच्या ग्रामीण कथेत पात्रे बोलीत बोलत आणि लेखक प्रमाण मराठीत. जणू तो बांधावर उभा राहून आवणी पाहतो आहे. शिक्षण खेड्यात पोहोचले आणि चिखलात उतरून भाताची रोपे लावणाऱ्यांच्या घरातूनच लेखक निघाले, तेव्हा निवेदनही बोलीत येऊ लागले.

यावर एक विद्यार्थिनी विचारते, ‘मग कठीण शब्दांच्या तळटीपा का देत नाही?’ लेखकांचे म्हणणे असे, की वाचकाने गाडीमागून चालत यावे. चढ लागला, बैल फुरफुरले, पलीकडचा उतार दिसला, की बारी म्हणजे काय ते पायांना कळते. उत्तर देखणे आहे, पण पहिल्या परिच्छेदाने आजींना खिडकीपाशीच अडवले होते हेही खरे. ते आठवून लेखक स्वतःच हसतात आणि मान्य करतात, की तो चढ आपण लिहायलाच विसरलो.

कार्यक्रमानंतर व्हरांड्यात चहा आहे. लेखकांनी निमंत्रणपत्रिकेच्या मागे पेन्सिलीने ‘बारी – खिडकी, बडोदे’ असे टिपून घेतले आहे. बशीत चहा ओतता ओतता आजी विचारतात, ‘ते राहू द्या. घोटीला भाताला भाव काय मिळाला?’ लेखक कप कठड्यावर ठेवतात, पिशवीतून पुस्तक काढतात आणि दुसरा परिच्छेद वाचायला लागतात.